मरसूळच्या पुढचं स्टेशन

पंचफुलाबाईची आणि मोटारीची पहिली भेट हिंगोलीच्या सडकेवर झाली, भर दुपारी, अगदी समोरासमोर, आणि त्या भेटीत माघार घेतली ती मोटारीनं.

साखऱ्याचे लोक ही हकीकत सांगताना दरवर्षी मोटार थोडी मोठी करतात आणि पंचफुलाबाईची काठी थोडी लांब करतात. हल्ली मोटार औंढ्याच्या देवळाएवढी झाली आहे आणि काठी ढगात गेली आहे. तेव्हा खरं एवढंच धरायचं की साल चौतीस होतं, उन्हाळा होता, पंचफुलाबाई दीडशे मेंढरं घेऊन सडक ओलांडत होती, आणि मेंढरं बरोबर सडकेच्या मधोमध आल्यावर एकमेकांच्या पोटाखाली माना घालून उभी राहिली. तेवढ्यात धुळीचा एक डोंगर गडगडत आला आणि दहा हातांवर थांबला. डोंगरातून मोटार निघाली. मोटारीनं भोंगा वाजवला.

तो भोंगा कळपातल्या मोठ्या एडक्याला आपल्याच भाषेतला वाटला, आणि त्या भाषेत तो शब्द काही चांगला नसावा. एडका चार पावलं मागं सरला, मान खाली घातली आणि मोटारीच्या नाकावर असा आदळला की आतल्या बावीस उतारूंची बावीस डोकी एकमेकांवर आपटली, टपावरच्या टोपल्यातल्या कोंबड्या आपापल्या गावाला निघून गेल्या, आणि एका देशमुखांचा फेटा खिडकीतून उडाला तो तिसऱ्या शेतात सापडला. ड्रायव्हर शिव्या देण्याच्या तयारीनं खाली उतरला. पाहतो तर बावीस वर्षांची एक धनगरीण काठीवर हनुवटी टेकून मोटारीच्या दोन दिव्यांकडे रोखून बघते आहे.

"डोळे येवढाले हायत," ती म्हणाली, "पापण्या काहून न्हाईत?"

ड्रायव्हर पलटणीत नोकरी करून आलेला माणूस. त्यानं तोफा पाहिल्या होत्या. पण या प्रश्नाला पलटणीत उत्तर शिकवत नाहीत.

"बाई, रस्ता द्या," तो म्हणाला.

"रस्ता हायच की. मेंढरं उठली की जा."

"कवा उठतील?"

"त्येंना इच्यार. मी त्येंच्या मधी बोलत नसते."

मोटार पाव कोस मागं गेली आणि एका बाभळीच्या सावलीत मेंढरांची वाट बघत दीड तास उभी राहिली. त्यानंतर तो ड्रायव्हर त्या वळणावर कधीही भोंगा वाजवत नसे. नुसता मान खाली घालून जाई.

अशी ही बाई पुढं त्याच मोटारीत बसायला शिकली, आगगाडीत बसायला शिकली, गाड्या बदलत एकटी समुद्रापर्यंत गेली. तिला मोटारीनं अडवलं नाही, आगगाडीनं अडवलं नाही. अडवलं ते एका नावानं.

तिच्या नवऱ्याचं नाव मल्हारी. धनगराच्या पोटचा, पण मेंढरांत त्याचं मन रमलं नाही. हिंगोलीला त्या काळी रूळ संपत. पूर्णेहून आलेली गाडी हिंगोलीला येऊन दमून उभी राही, कारण पुढं जायला रूळच नव्हते. मल्हारी बाजाराला म्हणून हिंगोलीला जाई आणि हे रूळ नेमके कसे संपतात ते बघत बसे. बघता बघता तो रेल्वेत खलाशी झाला, मग सांधेवाला झाला. खटका ओढायचा आणि गाडीला या रुळावरून त्या रुळावर घालायची, हे काम त्याला इतकं आवडलं की घरी आला की तो गोठ्याचा आडणासुद्धा तसाच ओढी. पुढं कळलं की आफ्रिका म्हणून एक मुलूख आहे, तिथली आगगाडीही हिंगोलीसारखीच बारीक रुळाची आहे आणि तिथं सांधेवाले हवे आहेत. मल्हारीनं कागदावर अंगठा उठवला आणि पस्तीस साली तो आगबोटीत बसला.

त्यानं कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं पहिलं पत्र साखऱ्याच्या मास्तरांनी ओट्यावर बसून वाचलं. "मी सध्या नैरोबीकडे आहे. नैरोबी फार छान आहे. तिच्यामुळे मला घरची आठवण कमी येते."

मल्हारीच्या आईनं कपाळावर हात मारला. "कोन ही नैरोबी?"

निजामाच्या मुलखात अमीनाबी, फातमाबी, हुसेनबी गल्लोगल्ली होत्या. त्यात एक नैरोबी असायला काहीच हरकत नव्हती.

"अहो, गाव आहे ते," मास्तर म्हणाले.

"गावामुळं कुनाला घरची आठवण कमी येती का, मास्तर? मला शिकवता?"

मास्तरांनी शाळेतून नकाशा आणून दाखवला. म्हातारीनं तो पाहिला, पण नकाशावर विश्वास ठेवण्याइतकी ती भोळी नव्हती. पुढं दोन वर्षं प्रत्येक पत्र वाचून झालं की ती पदर सावरून विचारी, "आन ती नैरोबी कशी हाय म्हनं?"

सदतीसच्या दिवाळीनंतर जे पत्र आलं त्यानं मात्र घर हललं. मल्हारीला राहायला क्वार्टर मिळालं होतं. बायकोला आणायची एकदाच परवानगी होती, आगबोटीतली जागा ठरली होती, कागद सोबत जोडले होते. आगबोट संक्रांतीनंतर दहाव्या दिवशी मुंबईहून सुटणार. त्याच्याच कामावरच्या एका फिटरची बायको शकुंतलाबाई त्याच बोटीनं येणार होती. ती मुंबईला बोरीबंदर स्टेशनावर भेटेल. तिथून पुढची काळजी नाही. बोरीबंदरपर्यंत मात्र पंचफुलानं यायचं. मला रजा नाही. ही बोट चुकली तर पुढची परवानगी चार वर्षांनी, तीही मिळाली तर.

साखऱ्याहून बोरीबंदर म्हणजे सडकेपर्यंत चार कोस चालणं, सडकेवरून मोटारीनं हिंगोली, हिंगोलीहून पूर्णा, पूर्णेला गाडी बदलून मनमाड, मनमाडला पुन्हा बदलून मुंबई. पोचवायला जाणारं माणूस घरात नव्हतं. सासरे मसाजी दिसायला धिप्पाड गडी, पण मेंढरू एका दिवसात जिथवर चालत जातं त्याच्या पलीकडे माणसाचं काही काम नसतं, असं त्यांचं ठाम मत होतं. त्या मतानं त्यांनी आगगाडीकडे आयुष्यभर पाठ फिरवली होती.

"मी जाईन एकटी," पंचफुलाबाई म्हणाली.

आता तिच्या सासूची ओळख करून द्यायला हवी, कारण सगळं घोडं तिथंच अडलं. सासूचं नाव पूर्णाबाई. पूर्णा नदीकाठचं माहेर, म्हणून हे नाव. पण रेल्वे आल्यापासून ती आपल्या नावाचा संबंध नदीशी ठेवत नसे, स्टेशनाशी ठेवी. "हैदराबादची गाडी असो का मनमाडची," ती बायकांत बसून सांगे, "माझ्या नावाला थांबल्याबिगर कोनाची फुडं जायची टाप न्हाई." हे जंक्शन तिनं स्वतः पाहिलं नव्हतं, पण ते आपल्याच पायावर उभं आहे असा तिचा चेहरा असे.

आणि सुनेनं सासूचं नाव घ्यायचं नसतं. पंचफुलाबाईनं लग्नापासून ते ओठावर आणलं नव्हतं. नवऱ्याचं नाव टाळणं सोपं; मल्हारी हा शब्द दिवसातून कितीदा लागतो? सासूचं नाव टाळणं म्हणजे अर्धी मराठी टाळणं. पौर्णिमेला ती मोठ्या चांदाचा दिवस म्हणे. पुरणपोळीला गोडाची पोळी म्हणे. काम पुरं झालं असं न म्हणता काम निपटलं म्हणे. सगळ्यांत हाल जेवताना. वाढणारी सासू आणि "पुरे" म्हणायची सोय नाही. पंचफुलाबाई ताटावर हात आडवा धरी. पूर्णाबाईला तो हात दिसत नसे, किंवा दिसत नाही असं ती दाखवी, आणि आमटी हातावर पडे.

तर पूर्णाबाईनं सुनेला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "एकटी जाशील? आन वाटंत हरवलीस तर? गाव म्हनंल, पूर्णाबाईनं सून हरवली. मेंढरू हरवलं तर हुडकाया जाता येतं. तुला कुठं हुडकायचं? समिंदरात?"

"न्हाई हरवत, आत्याबाई."

"मग दाखव. आदुगर एकटी माझ्या नावाच्या टेसनाला जाऊन ये. मोठं टेसन हाय, तिथं भलेभले चुकतेत. आन आल्यावर माझ्यासमोर तोंडानं सांगायचं, कुठं जाऊन आलीस ते. सांगितलंस तर बोटीत बस, न्हाई तर मेंढरं हायतच."

हे शेवटचं वाक्य ती डाव म्हणून बोलली की सहज बोलून गेली, यावरून साखऱ्यात अजून दोन तट आहेत.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी पंचफुलाबाई सडकेवर जाऊन उभी राहिली. मोटार आली. ड्रायव्हर तोच होता. त्यानं लांबूनच तिला ओळखलं, मोटार थांबवली आणि आधी तिच्या मागं पाहिलं.

"एडका कुठं हाय?"

"घरी हाय. तुला रामराम सांगितलाय त्यानं."

तिला पुढची जागा मिळाली. कंडक्टरनं शिट्टी मारली, मोटार चालू झाली. पुढच्या गावाला शिट्टी मारली, मोटार थांबली. पंचफुलाबाईला हे फार पटलं. मोटारीत काहीतरी अवघड असतं असं ती ऐकत आली होती. पण हे तर मेंढरांचंच काम. मागून शिट्टी घालायची, पुढच्यानं ऐकायचं. हिंगोली येईपर्यंत कंडक्टरची शिट्टी तिला थोडी कच्ची वाटू लागली आणि उतरताना तिनं त्याला जीभ कुठं लावायची ते दाखवून दिलं.

हिंगोलीच्या स्टेशनावर गाडी उभी होती. तिकिटाच्या खिडकीत हैदराबादकडचे एक बाबू बसले होते, तोंडात पान, कानावर पेन्सिल.

"बोलो, कहाँ का टिकट?"

पंचफुलाबाईनं तोंड उघडलं आणि तिथं तिला पहिल्यांदा कळलं की आपण कशात सापडलो आहोत.

"आमच्या आत्याबाईचं द्या," ती म्हणाली.

"आत्याबाई कहाँ है?"

"घरी."

"तो टिकट किस का?"

"माझं."

"और जाना कहाँ?"

"आत्याबाईला."

"घर पे?"

"न्हाई हो! आत्याबाई घरी हायत, पर त्येंच्या नावाला जायचंय."

बाबूंनी पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं. मागं रांग वाढत होती. रांगेतल्या एका म्हाताऱ्याला अंदाज आला. "सासूचं नाव घेत न्हाई ती, बाबूसाब. उखाणा घालंल, आपुन वळखू." सगळी रांग खुश झाली. तिकिटाच्या रांगेत एरवी असं काही मिळत नाही.

"घाल बाई उखाणा!"

पंचफुलाबाईनं डोळे मिटले. "होळीला पोळीच्या पोटात असती."

"गूळ!" एक जण ओरडला. "गूळ नावाचं टेसन हाय का?"

"डाळ असंल. डाळगाव?"

"तसं न्हाई. महिन्यातून एकदा चांद जसा व्हतो तशी!"

"गोल!" म्हातारा म्हणाला. "बोल्डा! बोल्ड्याला जायचंय बाईला!"

"बोल्डा न्हाई, बाबा! जेवण झाल्यावर मानूस काय म्हनतं?"

"विडा!" पान चघळत बाबू एकदम म्हणाले, आणि आपण बरोबर ओळखलं या आनंदात त्यांनी तिकिटं चाळायलाही सुरुवात केली. विडा नावाचं स्टेशन निघालं नाही. तेवढ्यात गार्डची शिट्टी झाली आणि गाडी हलली. निम्मी रांग उखाणा टाकून पळत सुटली. उरलेली निम्मी रांग गाडी सोडून उखाण्यासाठी थांबली. म्हातारा तर जाताना म्हणाला, "उद्या पुन्हा येतो, बाई, उद्या वळखतोच."

पंचफुलाबाई फलाटावरच्या बाकाशी खाली बसली. बाकावर बसायचं तिला सुचलं नाही. दीडशे मेंढरांपुढं मोटार थांबवणारी बाई, आणि दोन अक्षरं तोंडातून निघेनात. घ्यावं का नाव? इथं कोण ऐकणार आहे? पण प्रश्न हरण्याजिंकण्याचा नव्हता, तिला ते घेताच येत नव्हतं. दहा वर्षं जीभ त्या वाटेनं गेली नव्हती. वाटेवर गवत उगवलं होतं.

अमरसिंग हमाल हा सगळा तमाशा बघत होता. दंडावर पितळी बिल्ला, पांढऱ्या मिशा, आणि वीस वर्षांची नोकरी. त्यानं तिला पाणी आणून दिलं. मल्हारीला तो ओळखत होता, मल्हारीच्या आईचं नावही त्याला ठाऊक होतं.

"मल्हारीची घरवाली का तू? मग अशी बसली काहून? पूर्णेला जायचं ना?"

पंचफुलाबाईनं चटकन कानांवर हात ठेवले.

"बरं, न्हाई म्हणत," अमरसिंग हसला. "पर वाटेतली बाकीची गावं तर तुझ्या सासूची न्हाईत ना? ती शिक. तेवढीच शिकून जाशील." आणि त्यानं ओळीनं स्टेशनं सांगितली. नांदापूर, बोल्डा, शिरळी, चोंडी, वसमत, मरसूळ. मग तो थांबला, मिशीवरून हात फिरवला, आणि पुढचं नाव गिळून टाकलं.

पंचफुलाबाईनं ती नावं परत म्हणून दाखवली, एकही न चुकता. दीडशे मेंढरं तोंडानं ओळखणाऱ्या बाईला सहा गावं म्हणजे काय? आणि म्हणताना ती मधेच थांबली. कळपातल्या प्रत्येक मेंढीला कुठं नाव असतं? बिननावाची मेंढी सांगायची झाली तर तिची जागा सांगायची. काळीच्या मागची. लंगडीच्या पुढची. कधी कोणी चुकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा खिडकीशी आली. रात्र तिनं हिंगोलीतल्या चतुराबाई मावशीकडं काढली होती आणि मावशीकडूनही सगळी स्टेशनं पाठ करून घेतली होती. बाबूंनी तिला पाहिलं आणि कानावरची पेन्सिल हातात घेतली, जणू आज उखाणा लिहूनच घेणार.

"मरसूळच्या फुडच्या टेसनाचं तिकीट द्या," पंचफुलाबाई म्हणाली.

बाबूंनी मरसूळपर्यंतची स्टेशनं बोटांवर मोजली. मग त्यांच्या चेहऱ्यावर कालच्या होळीचा, चंद्राचा आणि जेवणाचा अर्थ एकदम उगवला. "या अल्ला," ते म्हणाले, "पुरन! पूनम! पुरे!" आणि तिकिटावर छाप मारताना ते इतके हसले की छाप दोनदा पडला.

गाडीत तिनं फारसं खिडकीबाहेर पाहिलं नाही. तिनं गाडी कशी चालते ते पाहिलं. इंजन पुढं असतं, पण हुकूम मागून येतो, शेवटच्या डब्यातून, निशाण घेतलेल्या माणसाकडून. यात तिला नवल वाटलं नाही. धनगर कळपाच्या मागंच चालतो. पुढच्या मेंढीला विचारून काही फायदा नसतो, तिला नुसतं पुढं जाणं ठाऊक. तेव्हा काही विचारायचं तर ते मागच्या माणसाला, हे तिनं मनाशी पक्कं केलं.

मरसूळच्या पुढच्या स्टेशनावर मात्र ती उतरली तिथंच एकदा थबकली. केवढे ते रूळ! केवढे डबे! तीन कळप एका पाणवठ्यावर आल्यासारखी माणसं. पण पाणवठ्यावरच्या कळपांतून आपली मेंढरं वेगळी काढणं हे तर तिचं रोजचंच काम. परतीच्या गाडीला चार तास होते. तिनं ते चार तास एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर जाऊन येण्यात घालवले. मनमाडकडची गाडी कुठं लागते, हैदराबादकडची कुठं, कोणत्या पुलावरून जायचं, कुठं पाणी मिळतं. आणि प्रत्येक गाडीशी गार्डला गाठून एकच प्रश्न: "दादा, ह्याच्या फुडचं टेसन कोन्तं?" मनमाडच्या बाजूला मिरखेल, पिंगळी, परभणी. नांदेडच्या बाजूला चुडावा, लिंबगाव, नांदेड. तिसऱ्या गार्डनं तिला विचारलं, "बाई, तू रेल्वेत आहेस का?"

"मी न्हाई," ती म्हणाली. "आमचे मालक हायत." आणि पहिल्यांदा तिची मान थोडी ताठ झाली.

साखऱ्यात ती परतली तेव्हा ओट्यावर निम्मी धनगरवाडी जमली होती. मधोमध पूर्णाबाई बसली होती, मसाजी खांबाला टेकून उभे होते. पंचफुलाबाईनं सासूच्या पाया पडून पदर सावरला.

"हां, सांग," पूर्णाबाई म्हणाली. "कुठं जाऊन आलीस?"

बायकांनी माना पुढं काढल्या. पेच सगळ्यांना ठाऊक होता. नाव घेतलं तर सून बेअदब, न घेतलं तर बोट गेली.

पंचफुलाबाईनं मेंढरं मोजायच्या चालीवर सुरू केलं. "हिंगोली सोडली. मग नांदापूर, मग बोल्डा. मग शिरळी, मग चोंडी. मग वसमत, मग मरसूळ. मग..." ती थांबली.

पंचफुलाबाईनं परत पहिल्यापासून सुरू केलं. "नांदापूर, बोल्डा, शिरळी, चोंडी, वसमत, मरसूळ. मग..." आणि सासूकडं बघत राहिली.

पूर्णाबाईचे ओठ हलू लागले होते. एवढी गावं एकामागं एक रांगेनं चालत आली आणि नेमकी आपल्या दाराशी येऊन खोळंबली, हे तिला सहन होईना. तिसऱ्यांदा सून "मरसूळ" म्हणाली आणि म्हातारी फटकन बोलून गेली:

"पूर्णा!"

"व्हय," पंचफुलाबाई म्हणाली. "तिथंच जाऊन आले."

मसाजींनी तोंडावर उपरणं धरलं. बायकांनी पदर तोंडात कोंबले. पूर्णाबाईनं डोळे वटारले, मग सगळ्यांकडं एकदा पाहिलं, आणि जरा पुढं सरकली.

"आन माझ्या म्होरं कोन हाय?"

"तुमच्या म्होरं मिरखेल, पिंगळी, परभणी. मग मानवत, सेलू, परतूर, जालना. मग औरंगाबाद, मग मनमाड."

"समदे माझ्या म्होरं?"

"समदे. तुमच्यावरून गेल्याबिगर हिंगोलीच्या मानसाला मनमाड दिसत न्हाई, आत्याबाई. आन काय टेसन हाय! माझ्या डोळ्यांत मावंना. येवढाले लोखंडाचे पूल, शंभर मानसं एकदम पानी पितेत, आन साहेब लोक घड्याळ काढून तुमच्या नावाची वाट बघतेत."

पूर्णाबाईनं घसा साफ केला. "हरवली न्हाईस म्हनायची." मग आजूबाजूच्या बायकांना, जणू शिकवून पाठवलं होतं तिनंच: "आमच्या घरची सून हाय. हरवंल कशी?" आणि मग, फक्त पंचफुलाबाईला ऐकू जाईल असं: "जा. पर तिथं गेल्यावर आदुगर ती नैरोबी गाव हाय का बाई हाय, ते बघून मला लिव. मास्तरावर माझा भरवसा न्हाई."

त्या दिवसापासून निघेपर्यंत रोज दोघी मेंढ्या पिळताना स्टेशनं म्हणत. सून सहा गावं म्हणे, सातवं सासू म्हणे, पुढची पुन्हा सून. शेवटी शेवटी मसाजीसुद्धा मनमाडपर्यंत पोचले, घर न सोडता.

संक्रांत झाली आणि पंचफुलाबाई निघाली. पाठीवर घोंगडीची वळकटी, हातात भाकरीचं गठुडं, काठी मात्र तिनं घरी ठेवली. तिच्याशिवाय तिचा हात दिवसभर अवघडल्यासारखा होता. खिडकीतल्या बाबूंनी न विचारताच तिकीट काढून ठेवलं होतं आणि रांगेतल्या लोकांना ते अभिमानानं सांगत होते, "ये वो ही बाई है."

मरसूळच्या पुढच्या स्टेशनावर ती पुलावरून बरोबर मनमाडच्या गाडीशी आली. तिथं तिला दिसलं की पलीकडच्या, नांदेडच्या बाजूच्या गाडीत एक काळा कोट घातलेले वकील आरामात वर्तमानपत्र उघडून बसले आहेत आणि हमालाला सांगत आहेत, "मनमाड आलं की उठव म्हणावं कुणाला तरी."

पंचफुलाबाई पुन्हा पूल चढून उतरली. "दादा, उतरा. ही गाडी मनमाडला जात न्हाई."

वकिलांनी चष्म्यावरून पाहिलं. धनगरीण, घोंगडी, गठुडं. "तुला काय ठाऊक, बाई?"

"ह्याच्या फुडं चुडावा हाय. मग लिंबगाव. मनमाडला जानाऱ्याला आदुगर मिरखेल लागतं. गार्डला इच्यारा. इंजनवाल्याला इच्यारू नका, त्याला नुस्तं फुडं जानं ठाऊक."

वकिलांनी गार्डला विचारलं आणि वर्तमानपत्र घडी न घालताच उडी मारली. पूल उतरताना दम लागला तेव्हा ते म्हणाले, "हे जंक्शन तुम्हाला चांगलं ठाऊक दिसतं."

"आमच्या आत्याबाईचं हाय," पंचफुलाबाई म्हणाली.

वकिलांनी आदरानं मान लववली. एवढं मोठं जंक्शन कोणा खाजगी बाईच्या मालकीचं आहे हे त्यांना माहीत नव्हतं, पण निजामाच्या राज्यात काहीही असू शकतं असा त्यांचा समज होता. मनमाडला गाडी बदलताना ते गठुडं उचलून तिच्या मागं मागं चालले आणि ती गार्ड शोधत पुढं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी बोरीबंदरला थांबली. डबा भराभर रिकामा झाला. पंचफुलाबाई जागेवरच बसून होती. एक हमाल डोकावला.

"बाई, उतरा."

"ह्याच्या फुडचं टेसन कोन्तं?"

"पुढं स्टेशन नाही. पुढं समुद्र आहे."

"मग उतरते," ती म्हणाली, आणि घोंगडी खांद्यावर टाकून उतरली. फलाटावर शकुंतलाबाई भावाला घेऊन दोन तास आधीपासून उभी होती. खेड्यातली बाई, एकटी, तीन गाड्या. ती पोचेल यावर दोघांचाही विश्वास नव्हता, आणि तारेत काय लिहायचं तेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं. समोरून एक धनगरीण गार्डशी काहीतरी बोलत, सावकाश, मान वर करून चालत आली, जणू सगळी गाडी तिनंच हाकत आणली होती.

आगबोट ठरल्या दिवशी सुटली. मोंबाशाच्या धक्क्यावर मल्हारी न्यायला आला होता. तिथून पुढची तिकिटं त्यानं काढली. त्याचं क्वार्टर नैरोबीच्या स्टेशनाच्या आवारातच होतं, बाजार समोर होता, दवाखाना मागच्या गल्लीत होता. पंचफुलाबाई तिथं दहा वर्षं राहिली. त्या दहा वर्षांत ती एकदाही गाडीत बसली नाही.